घरातल्या टाकीला कुठलं मीठ? सुलतान बाजारच्या विचारणेला आमचं उत्तर



हैदराबादच्या सुलतान बाजार भागात जुनी मराठी घरं आहेत. 1956 पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. शिक्षण, नोकरी, व्यापारासाठी तिकडे गेलेली माणसं तिथलीच झाली. अशाच एका घरातून आपल्या संस्थेकडे विचारणा आली. त्यांना खाऱ्या पाण्याची काचेची टाकी करायची आहे, त्यात निमो मासा आणि पोवळं ठेवायचं आहे. मागणी तीन गोष्टींची: ड्रमभर दर्याचं पाणी, नाही जमलं तर मिठागराचं मीठ, आणि जमल्यास थोडं पोवळं. उद्या असा फोन तुम्हालाही येईल, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी लिहितो आहोत.

आधी पाण्याचं बघू. हैदराबादपासून जवळचा किनाराही 300 किलोमीटरच्या आसपास, आपला कोकण तर त्याहून कितीतरी लांब. 100 लिटर दर्याचं पाणी म्हणजे 102 किलोपेक्षा जास्त वजन. तेवढंच पाणी घरी तयार करायला साधारण 4 किलो कोरडं मरीन सॉल्ट लागतं. शिवाय बंदरातल्या पाण्यात डिझेल-ऑइलचा तवंग असतो, आणि पावसाळ्यात खाडीचा खारटपणा किती उतरतो ते आपल्याला सांगायला नको. ते पाणी बंद ड्रममध्ये दोन दिवस ट्रकवर तापलं की पोचेपर्यंत त्याला वास सुटतो. हा व्यवहार दोघांच्याही तोट्याचा.

मग मिठागराचं मीठ का चालत नाही? तेही दर्याच्याच पाण्याचं! पण आगरात काय होतं ते आठवा. पाणी आटत जातं तसा आधी चुना आणि जिप्सम तळाला बसतं, नंतर वाफ्यात मीठ धरतं, आणि शेवटी उरलेलं कडवट पाणी आपण सोडून देतो. चुना-जिप्समबरोबर कॅल्शियम गेलं आणि कडवट पाण्याबरोबर मॅग्नेशियम. हातात राहिलं ते जवळजवळ नुसतं खाण्याचं मीठ. ते गोड्या पाण्यात विरघळवलं तर पाणी खारट होईल, पण त्याचा दर्या होणार नाही. पोवळं आपला सांगाडा कॅल्शियमपासूनच बांधतं, त्या पाण्यात ते तगणार नाही.

म्हणून दुकानात मिळणारं मरीन सॉल्टच घ्यायचं. ते निवडताना बादलीवरचे आकडे वाचा. दर्याच्या पाण्यात एका किलोला साधारण 35 ग्रॅम क्षार असतात. त्या खारटपणाला एका लिटरमध्ये कॅल्शियम 410 ते 420 मिलिग्रॅम, मॅग्नेशियम 1300 च्या आसपास, आणि केएच 7 च्या आसपास. एकाच कंपनीच्या दोन बादल्यांतही फरक असतो. रेड सीच्या साध्या सॉल्टचं केएच 8 च्या जवळ, तर कोरल प्रोचं 12 च्या जवळ. वाढीव केएचचं सॉल्ट झपाट्यानं वाढणाऱ्या कडक पोवळ्यांच्या भरलेल्या टाकीसाठी. नव्या माणसानं, थोडे मासे आणि मऊ पोवळं ठेवणाऱ्यानं, दर्याच्या जवळचं साधं सॉल्ट घ्यावं. टाकीचं केएच 8 असताना 12 चं पाणी ओतत राहिलं तर प्रत्येक वेळी पोवळ्याला झटका बसतो. एकदा निवडलं की तेच चालू ठेवायचं, दर महिन्याला स्वस्त दिसेल ते नाही.

हिशेबही करून ठेवा. 200 लिटरची टाकी पहिल्यांदा भरायला सुमारे 8 किलो. पुढे दर आठवड्याला दहावा हिस्सा, म्हणजे 20 लिटर पाणी बदलायला 800 ग्रॅम. 20 किलोची बादली पहिल्या भरणीनंतर 15 आठवडे पुरते. भाव बादलीचा बघू नका, लिटरमागे किती पडतो तो बघा.

कालवायचं कसं? नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आरओ-डीआयचं घ्या. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं सॉल्ट. उलट केलं तर कॅल्शियम पांढरं होऊन तळाला बसतं. पंप लावून पाणी फिरतं ठेवा, किती वेळ ते बादलीवर लिहिलेलं असतं. रिफ्रॅक्टोमीटरवर 35 आलं आणि तापमान टाकीइतकं झालं की मगच ओता. हैदराबादच्या कोरड्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी भराभर आटतं, पण मीठ आटत नाही. म्हणून रोजची भर गोड्या आरओ पाण्याची घालायची, खाऱ्या पाण्याची नाही. बादलीचं झाकण घट्ट ठेवा, दमट हवेनं सॉल्टचे गठ्ठे होतात.

आता तिसरी मागणी, आणि आपल्यासाठी ही सगळ्यात महत्त्वाची. पोवळं द्यायचं नाही! कडक पोवळी आणि समुद्री घोडा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तोडणं, बाळगणं, विकणं गुन्हा आहे आणि शिक्षा किमान 3 वर्षांची कैद. जाळ्यात पोवळ्याचा तुकडा अडकून आला तर तो तिथंच परत दर्यात सोडा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासची पोवळी बघायला पर्यटक येतात, स्नॉर्केलिंगच्या होड्यांवर आपली घरं चालतात. पोवळं दर्यात राहिलं तर दरवर्षी पैसा देतं, विकलं तर एकदाच. त्याच पोवळ्यात माशांची पिल्लं आसरा घेतात, हे वेगळं सांगायला नको.

निमोचं काय? त्याची टाकीत पैदास करायचं तंत्र केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं बसवलेलं आहे. हौशी माणसानं हॅचरीचा मासाच मागावा. परदेशी पोवळं घेणार असेल तर आधी कागद बघावेत. दगडही बनवलेले घ्यावेत, दर्यातून काढलेले नकोत.

सुलतान बाजारच्या मंडळींना आम्ही हेच कळवलं आहे. तुमच्याकडे असा फोन आला तर हेच सांगा, आणि कुणी पोवळ्यासाठी जास्त पैशाची लालूच दाखवली तर लगेच संस्थेच्या कार्यालयात कळवा. पोस्ट आपल्या बंदराच्या ग्रुपवर पाठवा, तांडेल आणि खलाशांपर्यंत पोचू द्या.