करडईचे फूल : औषधी गुण व सावधगिरी

करडई म्हटली की आपल्या आदिलाबादच्या व्यापाऱ्यास तेल आणि पेंड आठवते. फुलाकडे कोण पाहतो? परंतु याच काटेरी रब्बी पिकाच्या वाळविलेल्या लाल पाकळ्यांना चिनी वैद्यकात ‘होंग ह्वा’, म्हणजे तांबडे फूल, असे नाव असून साकळलेले रक्त वाहते करण्याकरिता व अडलेली पाळी आणण्याकरिता त्या शतकानुशतके दिल्या जात आहेत. फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) बिनकाटेरी जाती काढल्यावर पाकळ्या वेचणे सुकर झाले व आपल्याकडेही त्यांचा ‘चहा’ होऊ लागला.

या फुलाचा गुण तोच त्याचा धोका होय. पाकळ्यांतील पिवळे द्रव्य रक्तातील गोठणकणांना एकत्र चिकटू देत नाही. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेला वा पक्षाघातातून उठलेला मनुष्य वॉरफरिन, ॲसिनोकुमारॉल, क्लोपिडोग्रेल किंवा ॲस्पिरिन घेत असतो. त्यावर हा चहा नित्य घेतल्यास रक्त फाजील पातळ होऊ शकते. हिरड्यांतून रक्त येणे, अंगावर काळेनिळे डाग उठणे, शौचास काळे होणे, ही त्याची चिन्हे. ‘कोणती औषधे चालू आहेत?’ असे डॉक्टर विचारतात तेव्हा चहाचे नाव कोणासच सुचत नाही! शस्त्रक्रिया ठरली असेल तर हे त्यांस अवश्य सांगावे. चिनी औषधकोशात याची दैनिक मात्रा ३ ते १० ग्रॅम असून गर्भिणीच्या बाबतीत सावधगिरीची सूचना आहे. गर्भाशय आकुंचन पावण्याचे भय असल्याने तिने हा काढा घेऊच नये. शेवंती ज्यांस सोसत नाही त्यांनीही जपावे, कारण दोन्हींचे कूळ एकच. करडईचे तेल बियांचे असते. त्याची गोष्ट निराळी.

आता आपल्या दुकानाविषयी. केशरात याच पाकळ्यांची भेसळ होते. दुधातील चार काड्यांनी गर्भिणीस अपाय होईल असे नव्हे. पण पूजेकरिता वा बाळंतिणीकरिता केशर मागणाऱ्यास करडई देणे हा आपल्या शास्त्रात अचौर्य व्रताचा ‘प्रतिरूपक व्यवहार’ नामक अतिचारच आहे. ओळखणे कठीण नाही. काडी कोमट पाण्यात भिजवावी : केशराची काडी टोकाशी तुतारीसारखी उमलते, तर करडईचे फूल बारीक नळीसारखे असून त्यास वर पाच फाके दिसतात. बहिर्गोल भिंगाने हे स्वच्छ दिसते, व ते भिंग गल्ल्यातही मावते.