जपानी परीक्षेतलं ‘कनिंग’

जपानमध्ये परीक्षेत कॉपी करण्याला काय म्हणतात? ‘कान्निंगु’! म्हणजे चक्क इंग्रजीतलं ‘कनिंग’. इंग्रजीत त्याचा अर्थ धूर्त, कावेबाज; परीक्षेतल्या लबाडीला तिथे ‘चीटिंग’ म्हणतात. जपान्यांनी शब्द उचलला आणि थेट परीक्षेच्या हॉलमध्ये नेऊन बसवला. 😄

गंमत म्हणजे मध्ययुगीन इंग्रजीत ‘कनिंग’ म्हणजे ज्ञान, कसब. लबाडीचा वास नंतर लागला. त्याचं मूळ ‘जाणणे’ या अर्थाच्या धातूत आहे, म्हणजे आपल्या ‘ज्ञान’ आणि ‘जाणणे’चा हा लांबचा भाऊबंदच!

कॉपीच्या चिठ्ठीला जपानीत ‘काम्पे’ म्हणतात, ‘कान्निंगु पेपर’चं लघुरूप. टीव्ही स्टुडिओत कॅमेऱ्याशेजारी उभं राहून निवेदकाला जाड मार्करने लिहिलेले मोठे कागद दाखवतात ना, तेही काम्पेच. तिथे मात्र ती राजरोस चालते!

२०११ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेतले प्रश्न परीक्षा चालू असतानाच इंटरनेटवर विचारले गेले, तेव्हा ‘कान्निंगु’ हा शब्द देशभर गाजला. सरकारी भाषेत मात्र ‘फुसेई कोई’, म्हणजे गैरप्रकार.

हसण्याआधी आपलं बघा: ‘कॉपी’ म्हणजे नुसती नक्कल. पण दहावीच्या हॉलमध्ये ‘त्याच्याकडे कॉपी सापडली’ म्हटलं की अर्थ सांगावा लागतो का?