मासे नसलेल्या तळ्यावरचा रियाज

गळ टाकून बसलेला माणूस म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निरुद्योगी माणसाचेच चित्र येते. पिसांची बनावट माशी फेकून मासा धरण्याच्या ‘फ्लाय फिशिंग’मध्ये मात्र बसण्याची सोयच नाही. मासा मिळणे हा त्यातला शेवटचा, बराचसा नशिबाचा भाग. खरी विद्या दोरी फेकण्याची, आणि तिच्यासाठी मासा लागतच नाही.

हे मला पटले सॅन फ्रान्सिस्कोत, मुलाकडे गेलो होतो तेव्हा. तेथल्या गोल्डन गेट पार्कमध्ये तीन मोठे उथळ हौद आहेत. १९३८ साली, मंदीच्या दिवसांत, सरकारी रोजगार-योजनेतून ते केवळ फेकीच्या सरावासाठी बांधले गेले. त्यांत मासा औषधालाही नाही! तरी काठावर माणसे तासन् तास दोरी फेकीत असतात. त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांना विचारले, “नदीवर केव्हा जाता?” ते म्हणाले, “गुडघे गेले, आता प्रवाहात उभे राहवत नाही. पण मागची फेक अजून हवी तशी येत नाही ना!”

ही मागची फेक म्हणजेच सारी मेख. आपल्याकडे गळाला शिसे बांधतात आणि त्या वजनामागे दोरी जाते. येथे उलटा कारभार. माशी म्हणजे पिसे आणि दोरा, फुंकरीने उडावी अशी. वजन असते ते दोरीत. म्हणून दोरी आधी पाठीमागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची, मग तिच्या ओढीने वाकलेली काठी पुढे आणून झटकन थांबवायची. पण पाठीमागचे दिसत नाही, आणि माणसाला धीर निघत नाही. घाई केली की चाबकासारखा फट् आवाज होतो आणि पुष्कळदा माशी तुटून जाते. दोरी जितकी लांब तितका थांबा अधिक. हाताने ताल धरणारा खालीच्या जागी टाळी देत नाही, पण मात्रा मोजतोच. तसाच हा थांबा. नॉर्मन मॅक्लीन यांच्या १९७६ च्या कथेतला धर्मोपदेशक बाप मुलांना फेक शिकवतो तीही तालमापक यंत्रावर.

दंडाच्या जोराचे येथे फारसे चालत नाही. जोन वुल्फ या बाईंनी १९५१ साली लांब फेकीच्या स्पर्धेत साऱ्या पुरुषांना मागे टाकले आणि १९६० साली १६१ फुटांची फेक केली. त्या नृत्यही शिकवीत, हे ऐकून मला नवल वाटले नाही.

आमच्या बडोद्याच्या विश्वामित्रीत मगरी असल्यामुळे प्रवाहात उतरण्याचा प्रश्नच नाही. पण सरावाला हिरवळ पुरते. कमाटीबागेत रविवारची गर्दी टाळून जावे. दोरीच्या टोकाला आकडा न बांधता लोकरीचा तुकडा बांधावा आणि तीसेक फूट दोरी सोडावी. बाजूला वळून उभे राहिले म्हणजे पाठीमागची दोरी डोळ्यांनी पाहता येते. काठी घड्याळातल्या दहा आणि एकच्या दरम्यान हलवावी, मनगट सैल सोडू नये. काठीचे टोक सरळ रेषेत गेले तर दोरीचे वेटोळे अरुंद होऊन वारा कापते. कमानीसारखे फिरले तर ते फुगते आणि दोरी पायाशी येऊन पडते. रोज पंधरा मिनिटे पुष्कळ झाली. हात थकला की चुकाच पक्क्या होतात. लोकर गवतावर अलगद टेकू लागली, की मग हळूहळू दोरी वाढवावी.