गुप्तरोग : गुप्त काय आणि उघड काय?

काही शब्द असे असतात, की ते उच्चारताना माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. ‘गुप्तरोग’ हा त्यांपैकीच एक. आपल्या ह्या अंकाला मराठी आणि कानडी असे दोन विभाग आहेत. पण हा शब्द दोन्हीकडे तसाच छापता येईल, कारण कानडीतही ‘गुप्तरोग’च म्हणतात. इतर बाबतींत दोन भाषांचे जमो वा न जमो, ह्या कुजबुजीत मात्र त्यांचे पूर्ण एकमत आहे!

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. वैद्यक हा काही माझा विषय नव्हे. तरीही लिहायला बसले, कारण दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातील प्रजननाचा धडा आमच्या वर्गात “घरी वाचून घ्या” असे सांगून उरकण्यात आला होता. घरी वाचून शंका आली तर ती कोणाला विचारायची, हे मात्र कोणी सांगितले नाही. तेव्हापासून आजवर वाचून आणि डॉक्टरांना विचारून जे समजले, ते येथे मांडते.

हा रोग नेहमी ‘दुसऱ्यांचा’ असतो, ही समजूत फार जुनी आहे. १४९५ च्या सुमारास सिफिलिस म्हणजे उपदंशाची मोठी साथ युरोपात पसरली. तेव्हा इटालियन लोक त्याला फ्रेंचांचा रोग म्हणत आणि फ्रेंच लोक नेपल्सचा! आपल्याकडे सोळाव्या शतकात भावमिश्रांनी ‘भावप्रकाश’ ह्या ग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ हे नाव दिले, कारण फिरंग्यांच्या संसर्गाने तो होतो असे त्यांचे निरीक्षण होते. आपल्या बोलीत उपदंशाला गरमी आणि गनोरियाला परमा म्हणतात. नावे ठेवून झाली, पण रोग कशाने होतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. उपदंशाचा जंतू जर्मनीत सापडला तो १९०५ साली. त्या जंतूला देश, जात, धर्म किंवा घराण्याची प्रतिष्ठा ह्यांपैकी काहीच कळत नाही. संसर्ग असलेल्या व्यक्तीशी असुरक्षित शरीरसंबंध आला, की त्याला वाट मिळते.

आता डॉक्टर ‘गुप्तरोग’ असे न म्हणता ‘लैंगिक संसर्ग’ म्हणतात. शरीरसंबंधातून पसरणारे तीसहून अधिक जंतू, विषाणू आणि परजीवी माहीत आहेत. त्यांतले आठ मुख्य. उपदंश, गनोरिया, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनिॲसिस हे चार योग्य औषधाने पूर्ण बरे होतात. हेपॅटायटिस बी, हर्पीस, एच. आय. व्ही. आणि एच. पी. व्ही. हे चार विषाणूंचे. त्यांना समूळ घालविणारे खात्रीचे औषध नाही. पण कोणाला लसीने अडविता येते, तर कोणाला औषधाने काबूत ठेवता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार पहिल्या चार, म्हणजे बऱ्या होणाऱ्या संसर्गांची जगात दररोज दहा लाखांहून अधिक नवी प्रकरणे घडतात, आणि त्यांतील बहुसंख्य लोकांना काहीच त्रास जाणवत नाही.

ह्या शेवटच्या वाक्यातच सारा घोटाळा आहे. आपण रोग ओळखतो तो लक्षणावरून. आग होणे, पू जाणे, अंगावरून वेगळ्या रंगाचा वा वासाचा स्राव जाणे, फोड येणे, जांघेत गाठ येणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांकडे जायलाच हवे. पण लक्षण नाही म्हणजे रोग नाही, असे मुळीच नव्हे. आमच्या वाणिज्य शाखेच्या भाषेत सांगायचे तर ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्या म्हणजे व्यवहार चोखच असतो असे नाही. म्हणून तर लेखापरीक्षण करावे लागते.

उपदंशाचेच उदाहरण घ्या. संसर्गानंतर साधारण तीन आठवड्यांनी एक व्रण उठतो. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. पुढे अंगावर, तळहातांवर आणि तळपायांवरही पुरळ उठते. तेही औषधाशिवाय मावळते. माणूस समजतो, सुटलो. प्रत्यक्षात जंतू शरीरात दबा धरून बसलेला असतो, आणि उपचार न झालेल्या काही रुग्णांत कित्येक वर्षांनी तो हृदयावर नाही तर मेंदूवर घाव घालतो.

भोंदू वैद्याचा धंदा चालतो तो नेमका ह्याच फटीत. बसस्थानकाच्या भिंतीवर आणि रेल्वेमार्गाच्या कडेला ‘खात्रीशीर इलाज’ अशा जाहिराती कोणी पाहिल्या नाहीत? त्याच्या पुड्या घेतल्या आणि व्रण गेला, की श्रेय पुडीला मिळते. वास्तविक तो व्रण पुडीवाचूनही जाणारच होता! अशा रोगांवरील औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय ह्यांविषयीच्या कायद्याने बंदी आहे. तरीही त्या रंगविल्या जातात, कारण गिऱ्हाईक तक्रार करणार नाही ह्याची विक्रेत्याला खात्री असते. लाजेवर चालणारा ह्याहून सुरक्षित व्यापार दुसरा नसेल. आणि गंमत म्हणजे खरे औषध स्वस्त आहे. १९४३ पासून उपदंशावर पेनिसिलिन वापरतात. सुरुवातीच्या अवस्थेत डॉक्टरांनी दिलेले त्याचे एक इंजेक्शन बहुधा पुरते.

स्त्रियांच्या वाट्याला ह्यातून अधिक दुःख येते. क्लॅमिडिया आणि गनोरिया स्त्रियांमध्ये बहुधा मुकाट्याने राहतात. उपचार न झाल्यास संसर्ग गर्भाशयातून बीजवाहिन्यांपर्यंत चढू शकतो, तेथे व्रण धरतात आणि मूल होण्यास अडथळा येतो. पुढे घरातील मंडळी तिला नवस सांगतात, उपास सांगतात, प्रसंगी वांझ म्हणतात; पण पतीची तपासणी करा असे क्वचितच कोणी म्हणते. गर्भवतीला उपदंश असेल तर मूल दगावण्याची किंवा व्यंग घेऊन जन्मण्याची भीती असते. म्हणूनच गरोदरपणाच्या सुरुवातीलाच उपदंशाची आणि एच. आय. व्ही.ची रक्ततपासणी करून घ्यायची असते. वेळेवर दिलेल्या पेनिसिलिनने मूल वाचते.

तेव्हा करायचे काय? पहिली गोष्ट, शंका आल्यास तपासणी. सरकारी रुग्णालयांतून ह्यासाठी ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. तेथे सल्ला आणि औषधे मोफत मिळतात. एच. आय. व्ही.च्या तपासणीची आणि समुपदेशनाची केंद्रे वेगळी असतात, तीही मोफत. १०९७ ह्या क्रमांकावर विनामूल्य दूरध्वनी करून माहिती विचारता येते. संसर्ग झाल्यावर लगेच केलेल्या तपासणीत एच. आय. व्ही. दिसेलच असे नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा ती पुन्हा करावी. दुसरी गोष्ट, औषध पूर्ण घ्यावे आणि जोडीदारालाही द्यावे. एकानेच घेतले तर बरा झालेला माणूस दुसऱ्याकडून पुन्हा आजारी पडतो. दुकानातून मनाने गोळ्या घेऊन मध्येच सोडल्या, तर जंतू औषधाला सरावतात. गनोरियाच्या जंतूने अशी कित्येक औषधे निकामी करून ठेवली आहेत.

तिसरी गोष्ट प्रतिबंधाची. संबंध टाळणे किंवा तपासणी झालेल्या आणि परस्परांशी एकनिष्ठ असलेल्या जोडीदारापुरते ते ठेवणे, हा एक मार्ग. दुसरा निरोधचा. १९६८ साली सरकारने निरोध बाजारात आणला तो पंधरा पैशांना तीन ह्या भावाने, आणि गावोगावी पोहोचविण्यासाठी चहा व साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या विक्रेत्यांची मदत घेतली. वितरणाचा असा नमुना आमच्या अभ्यासक्रमात असायला हवा! आपल्याच जिल्ह्यात, हुक्केरी तालुक्यातील कणगला येथे, पूर्वी हिंदुस्थान लेटेक्स ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी कंपनीचा कारखाना १९८५ पासून आहे. जो माल आपल्या जिल्ह्यात उघडपणे तयार होतो, तो दुकानात मागताना मात्र आपली जीभ अडखळते. प्रत्येक वेळी आणि योग्य रीतीने वापरल्यास निरोध बहुतेक लैंगिक संसर्गांपासून चांगले रक्षण करतो. हर्पीस आणि एच. पी. व्ही. त्वचेच्या स्पर्शानेही पसरतात, म्हणून तेथे रक्षण अपुरे पडते.

एच. पी. व्ही.साठी लस आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी ह्याच विषाणूमुळे होतो. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली भारतीय लस २०२३ मध्ये बाजारात आली. ९ ते १४ ह्या वयात ती घेणे सर्वांत चांगले, पण आपल्या वयातही घेता येते. डॉक्टरांना जरूर विचारावे. हेपॅटायटिस बीचीही लस आहे. एच. आय. व्ही.चा संसर्ग झाल्याची दाट शंका असेल तर ७२ तासांच्या आत प्रतिबंधक औषध सुरू करता येते. जितके लवकर तितके बरे.

भारतात एच. आय. व्ही. प्रथम आढळला १९८६ मध्ये, मद्रासला. पुढची कित्येक वर्षे लोक रोगापेक्षा रोग्यालाच अधिक भ्याले. २००४ पासून सरकारी केंद्रांत त्याची औषधे मोफत मिळू लागली. ती नियमित घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू सापडेनासा होतो आणि तसाच राहतो, त्याच्याकडून शरीरसंबंधातून संसर्ग होत नाही. हस्तांदोलन, एकत्र जेवण, डास ह्यांनी तर तो कधीच पसरत नव्हता. २०१७ च्या कायद्याप्रमाणे संमतीवाचून कोणाची एच. आय. व्ही. तपासणी करता येत नाही, निकाल जाहीर करता येत नाही, आणि त्या कारणाने नोकरी वा शिक्षण नाकारता येत नाही.

म्हणजे गुप्त ठेवण्यासारखी एक गोष्ट आहेच, ती म्हणजे रुग्णाचे नाव. ते जपणे हे डॉक्टरांचे, मित्रांचे आणि आपणा सर्वांचे कर्तव्य आहे. पण आजवर आपण उलटेच करीत आलो : रुग्णाचे नाव चारचौघांत चघळले आणि रोगाची माहिती मात्र झाकून ठेवली. ही अदलाबदल सुधारणे विद्यार्थ्यांना सहज शक्य आहे. प्राध्यापक मंडळींना माझी नम्र विनंती, की वर्षातून एक तास ह्या विषयासाठी डॉक्टरांना महाविद्यालयात बोलवावे; आणि मित्रमैत्रिणींना विनंती, की त्या तासाला मागच्या बाकावर बसून खुदुखुदु हसण्याऐवजी एक तरी प्रश्न विचारावा.