परांजपे, सई

(१९ मार्च १९३८– ). मराठी व हिंदी पटकथालेखिका, नाटककार, दिग्दर्शिका आणि निर्माती. आकाशवाणी, बालरंगभूमी, दूरचित्रवाणी व चित्रपट या चारही माध्यमांत त्यांनी लेखन केले. आपली संहिता दुसऱ्याच्या स्वाधीन न करता ती स्वतःच पडद्यावर उतरविण्याचा आग्रह त्यांनी बहुतेक सर्व कृतींत धरला. भारतीय चित्रपटव्यवसायात पटकथालेखकाचा आपल्या लेखनावर ताबा किती चालतो आणि तो मिळविण्यासाठी कोणती किंमत मोजावी लागते, हे त्यांच्या कारकीर्दीवरून चांगले समजते.

त्यांचा जन्म लखनौ येथे झाला. मातामह ⇨ रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे (१८७६–१९६६) हे केंब्रिजचे पहिले भारतीय सीनिअर रँग्लर. ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य आणि पुढे लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू होते. आई शकुंतलाबाई (१९०६–२०००) यांनी प्रभात फिल्म कंपनीच्या कुंकू (१९३७) या चित्रपटात भूमिका केली होती; मात्र त्यांचे खरे कार्य संततिनियमनाच्या प्रचाराचे. वडील यूरा स्लेप्टझॉफ हे रशियन चित्रकार. सईंचे बालपण आजोळीच, मुख्यतः पुण्यात गेले. १९४४ ते १९४७ या काळात आजोबा ऑस्ट्रेलियात भारताचे उच्चायुक्त होते, तेव्हा काही वर्षे त्या कॅनबरा येथे होत्या. मुलांचा मेवा हे त्यांचे पहिले पुस्तक त्यांच्या वयाच्या आठव्या वर्षी प्रसिद्ध झाले. या विद्वान घरातील शिस्तीइतकाच दुसऱ्या एका गोष्टीचा संस्कार येथे नोंदविला पाहिजे. चित्रपट-दिग्दर्शक अच्युत रानडे हे त्यांचे नातेवाईक पुण्याच्या फर्ग्युसन टेकडीवर राहत. त्यांच्याकडे गेले की ते मुलीला गोष्टी सांगत, त्या पटकथा वाचून दाखवावी तशा, दृश्यामागून दृश्य उभे करीत.

आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर निवेदिका म्हणून त्यांनी कामास प्रारंभ केला. त्याच सुमारास मुलांसाठी नाटके लिहून ती बसविण्याचा उद्योगही सुरू झाला. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात त्यांनी नाट्यशिक्षण घेतले (१९६३). मोठ्यांच्या रंगभूमीसाठी त्यांनी लिहिलेल्या नाटकांपैकी जास्वंदी, सख्खे शेजारी आणि माझा खेळ मांडू दे ही विशेष परिचित आहेत. नाटककार म्हणून त्यांचे स्वतंत्र मूल्यमापन होऊ शकेल. प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की कॅमेऱ्यापाशी येण्यापूर्वी संवादाचा कान, नटांची निवड आणि तालमीची सवय या तिन्ही गोष्टी त्यांना साधलेल्या होत्या.

त्यानंतरचा दिल्ली दूरचित्रवाणी केंद्रातील काळ त्यांच्या पटकथालेखनाचे खरे विद्यालय होय. दिल्लीत दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले आणि दैनंदिन प्रसारण १९६५ मध्ये. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन वेगळे होईपर्यंत ते आकाशवाणीचाच एक भाग होते. सुरुवातीच्या प्रक्षेपकाचा पल्ला सु. ४० किमी. एवढाच, प्रेक्षक थोडे, साधने तुटपुंजी. या संस्थेतील ‘निर्माता’ हे पद आणि चित्रपटव्यवसायातील ‘निर्माता’ यांत नावापलीकडे फारसे साम्य नाही, हे वाचकाने लक्षात ठेवणे आवश्यक आहे. चित्रपटाचा निर्माता भांडवल उभे करतो व तोटा झाल्यास तो सोसतो. म्हणूनच कथा, नट आणि शेवट यांवर अखेरचा शब्द त्याचा असतो. दूरदर्शनचा निर्माता हा वेतनावरील अधिकारी. त्याच्यापुढे विषयाची निवड, संहिता मिळविणे किंवा स्वतः लिहिणे, कलावंत ठरविणे, तालीम, कलागारातील चित्रण अशी सर्व कामे असत. खर्चाची मर्यादा काटेकोर असे, परंतु त्या मर्यादेच्या आत लेखन आणि निर्मिती यांच्यामध्ये तिसरा माणूस नसे. पैशाच्या जोखमीवाचून कृतीची पूर्ण जबाबदारी मिळण्याची ही संधी त्या काळी अन्यत्र क्वचितच होती.

तिचा परिणाम लेखनाच्या घडणीत उतरला. तीन-चार पात्रे, एक-दोन खोल्या, थोडा वेळ आणि मोठ्या देखाव्यांची चैन परवडत नसल्यामुळे बोलण्यातून व लहानसहान हालचालींतून पुढे सरकणारे कथानक ही त्यांची पद्धत कलागाराच्या गरजेतून आली. द लिटल टी शॉप (१९७२) या त्यांच्या दूरचित्रवाणी-कृतीला तेहरान येथे आशियाई प्रसारण संघाचे पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी २ ऑक्टोबर रोजी मुंबई केंद्र सुरू झाले, तेव्हा उद्‌घाटनाच्या कार्यक्रमाच्या निर्मितीसाठी त्यांची निवड करण्यात आली. त्यांच्या दोन गाजलेल्या चित्रपटांची बीजेही याच काळातील आहेत : स्पर्शचे मूळ रैना बीती जाए या, तर चश्मे बद्दूरचे मूळ धुआँ धुआँ या दूरचित्रवाणी-नाट्यात होते. त्या काळी चित्रफिती महाग असल्याने त्या पुसून पुन्हा वापरण्याचा रिवाज होता आणि दूरदर्शनच्या प्रारंभीच्या वर्षांतील फार थोडे साहित्य त्यामुळे शिल्लक राहिले. चित्रपटाचा अभ्यासक पहिल्या खर्ड्याशी अंतिम कृती ताडून पाहू शकतो. भारतीय दूरचित्रवाणीच्या अभ्यासकाला बहुधा ती सोय नाही. ही हानी केवळ एका लेखिकेची नव्हे.

बालचित्रपट संस्थेसाठी केलेल्या जादू का शंख (१९७४) व सिकंदर (१९७६) या चित्रपटांनंतर त्या मोठ्या पडद्याच्या कथापटाकडे वळल्या. स्पर्श (निर्माते बासु भट्टाचार्य) हा एका अंधशाळेचा प्राचार्य आणि तेथे शिकवावयास आलेली तरुण विधवा यांच्या संबंधांचा चित्रपट. चित्रीकरण दिल्लीतील अंधशाळेतच झाले. नायकाची व्यक्तिरेखा तेथील मुख्याध्यापकांवरून सुचलेली आहे आणि शाळेतील मुलांनी प्रत्यक्ष कामे केली आहेत. अंधत्वाविषयी कणव निर्माण करणे हा सोपा मार्ग पटकथेने पहिल्या काही दृश्यांतच बंद केला. नायकाचा स्वाभिमान हाच येथे नाट्याचा विषय. कोणाची मदत न घेण्याचा त्याचा हट्ट हळूहळू अशा टोकाला जातो, की समोरच्या स्त्रीचे प्रेमही त्याला त्याग वाटू लागते आणि त्याग त्याला नको असतो. पात्राचा गुण आणि त्याचा दोष एकाच मुळातून काढण्याची ही हातोटी हिंदी पटकथेत विरळाच म्हणावी लागेल. १९७९ या वर्षासाठी उत्कृष्ट हिंदी चित्रपट, उत्कृष्ट पटकथा आणि उत्कृष्ट अभिनेता (नसीरुद्दीन शाह) असे राष्ट्रीय पुरस्कार त्यास लाभले. तीनच वर्षांपूर्वी मंथनसाठी पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार विजय तेंडुलकरांना मिळाला होता; म्हणजे त्या दशकात मराठी रंगभूमीवर घडलेली लेखणी हिंदी समांतर चित्रपटाला वारंवार उपयोगी पडत होती. पारितोषिके मिळूनही चित्रपटाचे सर्वत्र प्रदर्शन रखडले. फिल्मफेअरची उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन व संवाद यांची पारितोषिके त्यास १९८५ मध्ये, म्हणजे निर्मितीनंतर पाच-सहा वर्षांनी मिळाली. पटकथा लेखिकेची, दिग्दर्शन लेखिकेचे. पण चित्रपट लोकांपुढे केव्हा जावा, हे ठरविणे तिच्या हाती नव्हते.

चश्मे बद्दूर (१९८१, निर्माते गुल आनंद) हा विनोदी चित्रपट. दिल्लीत एकत्र राहणारे तीन विद्यार्थी, शेजारी आलेली एक मुलगी, उधारीची वही सांभाळणारा पानविक्रेता लल्लन मियाँ (सईद जाफरी) एवढीच सामग्री. दोन मित्र आपल्या फजितीच्या गोष्टी पराक्रम म्हणून सांगतात. तिसरा खरोखर प्रेमात पडतो. थापांच्या दृश्यांत लेखिकेने लोकप्रिय हिंदी चित्रपटांतील प्रणयगीतांचे विडंबन केले आहे, त्यामुळे पात्रे खोटे बोलत असतानाच त्यांनी ते खोटे कोठून उचलले हेही प्रेक्षकाला कळते. धुण्याची पूड दारोदार विकणाऱ्या मुलीने (दीप्ती नवल) नायकासमोर केलेले ‘चमको’चे प्रात्यक्षिक हे प्रेमाची सुरुवात दाखविणाऱ्या दृश्यांमध्ये एक आदर्श मानले जाते. अखेरचा अपहरणाचा प्रसंग मात्र सैल आहे. ज्या ठोकळेबाजपणाची थट्टा चालली होती त्याच्याच आश्रयाला पटकथा तेथे गेली.

कथा (१९८३, निर्माते सुरेश जिंदल) या चित्रपटाला शं. गो. साठे यांच्या ससा आणि कासव या मराठी नाटकाचा आधार आहे. मुंबईच्या चाळीत राहणारा सरळ कारकून राजाराम (नसीरुद्दीन शाह) आणि त्याच्याकडे पाहुणा म्हणून येऊन चाळीला, कचेरीला व राजारामाला मनातून आवडणाऱ्या मुलीला भुलविणारा बाशू (फारूख शेख) ही जोडी म्हणजे कासव आणि ससा. इसापाच्या गोष्टीतील तात्पर्य मात्र लेखिकेने जसेच्या तसे ठेवले नाही. हा ससा वाटेत झोपत नाही आणि त्याला शिक्षाही होत नाही; तो दुसऱ्यांना निस्तरावयास लावून निसटतो. कासवाच्या वाट्याला येतो तो विजय नव्हे, तर मागे राहिलेल्या माणसांची जबाबदारी. चाळीतील सार्वजनिक नळ, सामायिक गॅलरी, एकाच्या घरातील बातमी दुसऱ्याच्या घरात पोहोचण्याचा वेग हे सारे मराठी रंगभूमीच्या परिचयाचे होते. हिंदी पडद्यावर ते इतक्या जवळिकीने पूर्वी क्वचितच आले होते. उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटासही मिळाला.

यानंतर पुढील कथापटास सात वर्षे लागली. मधल्या काळात, हम लोग (१९८४) पासून सुरू झालेल्या पुरस्कृत मालिकांच्या युगात, त्यांनी अडोस पडोस (१९८४) व छोटे बडे (१९८५) या मालिका दूरदर्शनसाठी केल्या. पुरस्कर्त्यांच्या जाहिरातींवर चालणारी ही व्यवस्था जुन्या दूरदर्शनहून वेगळी होती : निर्माता आता बाहेरचा होता आणि भागांची संख्या, वेळ व खर्च यांचा हिशेब त्याला बघावा लागे.

दिशा (१९९०) हा आशयदृष्ट्या त्यांचा सर्वांत वजनदार चित्रपट होय. त्याच्या निर्मितीची जबाबदारीही त्यांनी स्वतः घेतली. दुष्काळी गावातून मुंबईच्या कापडगिरणीत कामाला गेलेल्या माणसांची ही कथा आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगाव मोडत चालले असता हा विषय घेणे व्यवसायाच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. पटकथेची रचना दुपदरी आहे : एकीकडे पाळीपाळीने झोपणाऱ्या कामगारांनी भरलेली शहरातील खोली, दुसरीकडे गावातच राहून वर्षानुवर्षे विहीर खणत राहिलेला, लोकांनी वेड्यात काढलेला एक माणूस (ओम पुरी). अखेरीस विहिरीला पाणी लागते. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील अवर्षणप्रवण पट्ट्यातील, इंदापूर तालुक्यातल्या निमगाव केतकीसारख्या गावाच्या वाचकाला या माणसाचा ध्यास समजावून सांगावा लागत नाही. मुंबई-दिल्लीच्या काही समीक्षकांना तो भाबडा वाटला. पाण्याचा शोध हा शहराकडे जाण्याला पर्याय ठरू शकतो काय, हा प्रश्न चित्रपटाने उत्तर न लादता मांडला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पपीहा (१९९३) मध्ये वन आणि वनवासी यांचा प्रश्न आहे. साज (१९९८) ही दोन गायिका-बहिणींची कथा. तिच्यात वास्तवातील व्यक्ती शोधण्याच्या नादात पटकथेची चर्चा बाजूला पडली. ती पटकथाही अनेक संगीतकार आणि लांबत गेलेला कालपट यांच्या भाराखाली वाकली आहे. याउलट लघुपटांत त्यांचा हात अखेरपर्यंत मोकळा राहिला. दारूच्या व्यसनाविरुद्ध उभ्या राहिलेल्या ग्रामीण स्त्रियांवरील चूडियाँ (१९९३) या लघुपटास सामाजिक विषयावरील उत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. बालचित्रपट संस्थेचे अध्यक्षपद त्यांनी दोनदा भूषविले. चकाचक (२००५) हा त्यांचा पर्यावरणविषयक बालचित्रपट.

५ एप्रिल २०१३ रोजी चश्मे बद्दूरची नवी हिंदी आवृत्ती प्रदर्शित झाली आणि त्याच दिवशी जुना चित्रपटही पुन्हा चित्रपटगृहांत आला. नव्या पटकथेशी परांजपे यांचा संबंध नव्हता. भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार (१९५७) चित्रपटाचा कर्ता निर्माता मानला जातो. लेखक आपली संहिता कराराने देऊन टाकतो आणि पुनर्निर्मितीचा हक्क सामान्यतः तिच्याबरोबर जातो. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरील वापराच्या मानधनातील लेखकाचा वाटा करारानेही काढून घेता येणार नाही, अशी तरतूद झाली. ती येण्यापूर्वीच परांजपे यांची महत्त्वाची पटकथा-निर्मिती पूर्ण झाली होती.

२००६ मध्ये भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला. सय : माझा कलाप्रवास हे त्यांचे मराठी आत्मकथन, त्याच धर्तीचे इंग्रजी पुस्तक २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. दिल्ली केंद्रातील दिवसांविषयीचा त्यांतील मजकूर, पुसल्या गेलेल्या चित्रफितींच्या अभावी, अभ्यासकास विशेष मोलाचा आहे.