शिक्षा हवी, पण उठाबशांची नव्हे

वसईतील सातिवलीच्या एका शाळेत नोव्हेंबर २०२५ मध्ये उशिरा आलेल्या सहावीच्या मुलीला १०० उठाबशा काढायला लावल्याचा आरोप झाला. काही दिवसांतच ती गेली. शारीरिक शिक्षेला शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने आधीच बंदी आहे. मग आडनावावरून, वस्तीवरून वर्गमित्राला छळणाऱ्या मुलालाही उठाबशाच? आम्ही म्हणतो, नाही.

महाराष्ट्राचा रॅगिंगबंदी कायदा १९९९ चा आहे. शिक्षण देणारी कोणतीही संस्था त्यात येते. लेखी तक्रार मिळाल्यापासून सात दिवसांत संस्थाप्रमुखाने चौकशी करायची. टाळाटाळ केली तर तोही गुन्ह्याला साथ देणारा ठरतो. ही तक्रार विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक करू शकतात. म्हणून कार्यकर्त्यांनी मुख्याध्यापकांना नुसतं भेटून येऊ नये. अर्ज द्यावा, पोच घ्यावी.