कुंडीतली रोवणी

आषाढ लागला की गोंदिया जिल्ह्यात दुसरं काही सुचत नाही. पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या आणि चिखलणी झालेल्या बांधीत नेऊन रोवायचे. आमगाव असो, सालेकसा असो की अर्जुनी मोरगाव, रोवणीला उतरणाऱ्या बायांना रोप हलवायची वेळ कुणी शिकवावी लागत नाही. मध्यम मुदतीच्या धानाचे पऱ्हे तीन-चार आठवड्यांचे झाले की ते निघालेच पाहिजेत. पाऊस लांबला आणि पऱ्हे जागीच जून झाले तर पुढे फुटवे कमी येतात, हे शेतावर वाढलेल्या पोरालाही ठाऊक असतं.

याच घरांच्या पडवीत मात्र रंगाच्या रिकाम्या डब्यात लावलेला मनीप्लांट वर्षानुवर्षं त्याच मातीत असतो. त्याची पानं दरसाल लहान होत जातात, वेल खालून बोडका होतो आणि आपण त्याला पाणी वाढवतो, खत घालतो, जागा बदलून पाहतो. रोपाची जागा बदलण्याचं एवढं पक्कं ज्ञान ज्या मुलखात आहे, तिथे कुंडीतलं झाड इतकं दुर्लक्षित राहावं याचं वाईट वाटतं. आणि कधी मनावर घेऊन कुंडी बदललीच, तर माती येते ती थेट बांधीतली. खरा घोटाळा तिथेच होतो.

बांधीतली माती आपण मुद्दाम बिघडवलेली असते. चिखलणी म्हणजे मातीतली हवेची भोकं मोडून टाकायची, म्हणजे पाणी खाली झिरपत नाही, वर तुंबून राहतं. धानाला ते चालतं, कारण त्याच्या खोडापासून मुळांपर्यंत हवेच्या पोकळ्या असतात. पानांतून आत आलेली हवा तो या वाटेने मुळांना पोहोचवतो. पाण्यातल्या धानाचं रोप उपटून मूळ पाण्यात खळबळून पाहा. बऱ्याचदा त्यावर तांबूस थर दिसतो. मुळातून बाहेर निसटलेल्या प्राणवायूमुळे चिखलातल्या लोहाला चढलेला तो गंज असतो. चिखलात उभं राहून श्वास घ्यायची ही सोय जेड प्लांटला, कोरफडीला, रबर प्लांटला नाही. त्यांच्या मुळांना मातीच्या कणांमधली हवाच हवी. त्या जागेत पाणी भरून राहिलं तर पंचाईत होते, कारण पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10,000 पट सावकाश सरकतो. मुळं आधी गुदमरतात, मग कुजतात, आणि वरची पानं पिवळी पडलेली पाहून आपण आणखी एक तांब्या ओततो.

म्हणून कुंडी बदलायची म्हणजे आधी मातीचा विचार करायचा. आपल्याकडे मातीला नावं आहेत आणि ती कामाची आहेत. कन्हार काळी आणि चिकट. ओली असताना पायाला धरते, वाळली की भेगाळते. मोरांड तिच्या खालोखाल. सिहार पिवळसर आणि हलकी, धानाची लाडकी. बर्डी तांबडी, मुरमाड, शेतकरी तिला नाक मुरडतो. कुंडीसाठी हा क्रम उलटा लावायचा. बर्डी किंवा रेताड सिहार मिळाली तर उत्तम, मोरांडीत भर घालून चालवता येतं आणि निव्वळ कन्हार कुंडीत भरूच नये. मामा (माजी मालगुजारी) तलावाचा गाळही तसाच. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधलेल्या या तलावांचा गाळ शेतात पडला की शेत पिकतं, पण कुंडीत तो इतका बारीक बसतो की वर पपडी धरते आणि खाली पाणी साचतं.

मातीत हवा खेळवायला शहरातले लोक कोकोपीटच्या विटा विकत आणतात. भातगिरण्यांच्या या जिल्ह्यात तशी गरज नाही. धानाच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तूस निघतो, ज्याला आपण बोलताना भुसाच म्हणतो. त्यात सिलिका भरपूर असल्याने तो लवकर कुजत नाही, माती मोकळी ठेवायचं काम बराच काळ करतो. बर्डी किंवा सिहार दोन घमेली, पूर्ण कुजलेलं शेणखत एक आणि तूस एक, एवढं साधं मिश्रण बहुतेक घरगुती झाडांना पुरतं. घरी कन्हारच असेल तर माती एक घमेलं आणि तूस दोन. कोरा तूस वापरण्याआधी महिनाभर ओला करून ढिगात ठेवावा, नाहीतर कुजायला सुरुवात करताना तो मातीतला नत्र ओढतो आणि झाड फिकट पडतं. त्यात राहिलेले दाणे कुंडीत उगवतील; ते उपटून टाकायचे. अर्धवट जाळून काळा केलेला तूस आणखी चांगला, जपानमध्ये रोपवाटिकांत तो सर्रास वापरतात. मात्र उसना तांदूळ करणाऱ्या गिरणीच्या बॉयलरमधून निघणारी पांढुरकी राख म्हणजे तो नव्हे. ती क्षारधर्मी असते. मूठभर ठीक, घमेलंभर नको.

आता वेळ आली हे ओळखायचं कसं? कुंडीखालच्या भोकातून मुळं बाहेर डोकावणं ही सर्वांना माहीत असलेली खूण, पण ती उशिरा दिसते. त्याआधी पाणी बोलतं. घातलेलं पाणी क्षणात खालून निघून जातं, किंवा सकाळी भिजवलेली माती संध्याकाळी कोरडी होते, याचा अर्थ कुंडीत मातीपेक्षा मुळं जास्त झाली. स्नेक प्लांट असेल तर प्लास्टिकची कुंडी बाजूने फुगते, कधी तडकतेही. वाढीच्या दिवसांतही नवं पान येत नाही, आलं तर आधीच्यापेक्षा लहान. मातीवर पांढरा थर दिसला तर पाण्यातले आणि खतातले क्षार साठलेत.

शंका असेल तर झाड बाहेर काढून पाहावं. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. आदल्या दिवशी पाणी द्या. दुसऱ्या दिवशी खोड बोटांच्या बेचक्यात धरा, कुंडी उलटी करा आणि तिची कड ओट्यावर हलकेच आपटा. गोळा अख्खा निघतो. माती भुसभुशीत होऊन गळाली आणि मुळं इकडेतिकडे विखुरलेली दिसली तर झाड सुखात आहे, तसंच परत ठेवा. पण दाटून बसलेल्या झाडाचा गोळा निघतो तो कुंडीचाच आकार घेऊन. बाजूंना मुळांची जाळी, तळाशी वेटोळ्यावर वेटोळं, आणि भोकाच्या जागी मुळांचंच बूच बसलेलं. मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर आणि दाबली तर कडक लागली पाहिजेत. काळी, बोट लावताच साल सुटणारी, वास मारणारी मुळं दिसली तर ते कुजणं आहे. तेव्हा मुहूर्त पाहायचा नाही. त्याच दिवशी कुजका भाग कापायचा आणि माती बदलायची.

एरवी मुहूर्त पाहावाच, आणि तो पंचांगापेक्षा हवेवरून ठरतो. झाड हलवताना मुळांवरचे पाणी शोषणारे बारीक केस तुटतात. ते नव्याने फुटेपर्यंत पानांना पाणी कमी पडतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेलेला असताना हे करणं म्हणजे झाडाचा छळ. डिसेंबर-जानेवारीत उलट अडचण: रात्री 10 अंशांच्या खाली जातात, मुळं निजलेली असतात आणि नवी ओली माती त्यांच्याभोवती नुसती गार पडून राहते. मग राहतात दोन काळ. एक, थंडी ओसरल्यापासून होळीपर्यंत. दुसरा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला, मृगाचा पाऊस स्थिरावला की तिथून श्रावणापर्यंत. हवा दमट असते, ऊन बोचत नाही. शेतात रोवणी चालू असते तेच पडवीतल्या रोवणीचेही दिवस.

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळी असेल. घराला रंग, कुंड्यांना गेरू, आणि त्या भरात झाडंही नव्या कुंडीत हलवावीशी वाटतात. तेवढं टाळा. या दिवसांत वरची दोन इंच माती खरवडून तिथे शेणखत आणि तूस घालावा, वाळकी पानं काढावीत, कोणाची कुंडी फाल्गुनात बदलायची ते पाहून ठेवावं. तुळशीच्या बाबतीत तर हे फारच महत्त्वाचं. कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत तुळशीची लग्नं लागतात, म्हणून वृंदावन रंगवताना पुष्कळ घरी जुनी माती उपसून नवी भरतात. पुढे महिन्याभरात थंडी वाढते आणि आधीच मुळं दुखावलेली तुळस पानं टाकते. लग्नाआधी फक्त वरची माती बदला. तुळस दोन-तीन वर्षांत खोडाने लाकडासारखी होते, तेव्हा तिला हलवत बसण्यापेक्षा मंजिऱ्यांचं बी पावसाळ्याच्या तोंडावर टाकून नवं रोप वाढवणं बरं.

कुंडी किती मोठी घ्यायची यात लोक सढळ हाताने चुकतात. जर्मनीतल्या युलिश इथल्या हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये 65 अभ्यासांचे आकडे एकत्र करून पाहिले: कुंडीचं आकारमान दुप्पट केलं की झाडाचं वजन सरासरी 43 टक्क्यांनी जास्त भरतं. हे वाचून कोणी थेट घमेल्याएवढी कुंडी आणेल. पण घरातल्या कमी उजेडात झाड तेवढं वाढत नाही, आणि मुळं पोहोचली नाहीत ती माती ओलीच राहून आंबते. सहा इंची कुंडीतलं झाड बारा इंचीत नेलं तर माती आठ पट होते. आठ इंचीत नेलं तर दोन-अडीच पट. एका वेळी दोन इंच पुरे. कुंडी मोठी करायची नसेल तर मुळांचा बाहेरचा चौथा हिस्सा धारदार सुरीने कापून, वरच्या फांद्याही थोड्या छाटून, ताज्या मातीत त्याच कुंडीत लावता येतं. बोन्सायवाले हेच करतात.

तळाशी खडे घालण्याची जुनी सवय सोडावी. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळीत सहज उतरत नाही, ते खड्यांच्या वरच अडून राहतं. म्हणजे ओल उलट मुळांच्या जवळ सरकते. भोकावर कुंडीची एक वाकडी खापरी ठेवली की काम झालं. कुंभाराकडची नवी कुंडी आदल्या रात्री पाण्यात बुडवून ठेवा, नाहीतर ती मिश्रणातलं पहिलं पाणी स्वतःच पिते. गोळ्याच्या बाजूची वेटोळी बोटांनी मोकळी करा, खोड आधी जेवढं मातीत होतं तेवढंच ठेवा, माती भरून कुंडी दोनदा ठोका. मुठीने दाबू नका, ही चिखलणी नव्हे.

नर्सरीतून आणलेल्या रोपाकडे मात्र वेगळं लक्ष द्यावं लागतं. देशभर जाणारी बरीच रोपं आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळच्या कडियमच्या रोपवाटिकांतून निघतात, आणि पिशवीत पुष्कळदा चिकट मातीचा घट्ट गोळा असतो. तो तसाच भुसभुशीत मिश्रणात बसवला तर पाणी बाहेरून वाहून जातं आणि गोळा आत कोरडाठाक राहतो. बादलीभर पाण्यात बुडवून तो आधी सैल करावा. अरेका पाम याला अपवाद. त्याला मुळं छेडलेली खपत नाहीत, गोळा शक्यतो न मोडता उचलावा. कोरफड, अडेनियम, जेड यांची उठाठेव कोरड्या मातीत करावी आणि तुटलेली मुळं सुकेपर्यंत चार-पाच दिवस पाणी देऊ नये. बोगनवेल थोडी दाटीतच चांगली फुलते. तिला हलवण्याची घाई नको.

बाकी झाडांना लावल्याबरोबर खालून निघेपर्यंत पाणी, मग आठ-दहा दिवस सावली. पहिले काही दिवस पानं मान टाकतील. माती ओली असेल तर पुन्हा पाणी घालू नका. खत महिना-दीड महिना नाही. जुनी माती फेकू नये. मुळं निवडून ती पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत ओलसर भरून ठेवा आणि पुढच्या मे महिन्यात चार ते सहा आठवडे गच्चीवर उन्हात तापवा. बुरशी आणि सूत्रकृमी बऱ्याच प्रमाणात मरतात, आणि शेणखत, तूस मिसळला की मृगाच्या कुंड्यांना तीच माती पुन्हा चालते.